थंडी न वाजणारे आबा

निफाडकडे पारा ५-६ अंशांवर आला की आमची रात्रीची धावपळ द्राक्षबागेसाठी असते. मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे ठिबक सोडायचं. शेकोटी कुठं लावायची हे सासरे सांगतात. वय ८१, अंगात सुती बंडी. मग विहिरीच्या पाण्यानं आंघोळ. "आबा, स्वेटर?" म्हटलं की उत्तर ठरलेलं : "शीत-उष्ण सोसायचं असतं, गीतेत आहे. आणि मला थंडी वाजतच नाही."

या दोन वाक्यांचं एकमेकांशी जमत नाही. सोसायला आधी थंडी वाजावी लागते. उतारवयात कातडीला गारठा उशिरा कळतो, कापरंही नीट भरत नाही. अंगातली ऊब ३५ अंशांखाली उतरली तरी म्हातारं माणूस "मी बरा आहे" म्हणू शकतं. रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब चढतो तो वेगळाच. जाणीव बोथट होण्याला तितिक्षा म्हणायचं, तर आमचा पाटा-वरवंटा केव्हाच स्थितप्रज्ञ झालाय. (हे त्यांच्यासमोर बोलले नाही.)

शिवाय कृष्ण ते सांगत होता धडधाकट लढवय्याला. सतराव्या अध्यायात तोच कृष्ण देहाला पिडणाऱ्या घोर तपाला आसुरी म्हणतो, कारण त्या देहात आपणही आहोत. हा अध्याय आबा जरा भरभर वाचतात.

विहिरीचं पाणी पहाटे कोमट लागतं, हे त्यांचं खरं. धोका आहे तो ओलेत्यानं वाऱ्यात उभं राहून अर्घ्य देण्यात.

शेवटी पंढरपूर काढलं. थंडीत तिथं विठोबालाही शाल पांघरतात, कानपट्टी बांधतात.

"ती भक्तांच्या समाधानासाठी," आबा म्हणाले. "देवाला कुठली थंडी?"

"वाजत नसून बांधून घेतो ना पण?"

यावर ते पंचांग चाळत बसले.

अशक्तांची सोय शास्त्रानं कधीच करून ठेवली आहे. स्नानाच्या प्रकारांत मानस स्नानही आहे. आता पहाटे गोधडीतच ते होतं, आणि ओट्यावर उन्हं आली की बंबाचं पाणी. कानपट्टी बांधतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र मी ठेवू देत नाही. तिचा विषारी वायू तर तरण्यालाही कळत नाही. स्वेटरचं "शिवरात्रीनंतर बघू" म्हणतात, म्हणजे थंडी गेल्यावर.