कुलूप त्याचं, खोली आत्याची

केळव्याला आत्याकडे गेलो की कायद्याचा विषय निघतोच. २०२० च्या जूनमध्ये तो निघाला तिच्या बोईसरच्या खोलीवरून. आतोबांच्या निवृत्तीच्या पैशांत कर्जाची भर घालून घेतलेली ही खोली. भाडेकरू तारापूर एमआयडीसीतल्या कापड कारखान्यात कामाला. लॉकडाऊनमध्ये, मे महिन्यात, तो मजुरांसाठीच्या श्रमिक गाडीने गोरखपूरकडे गेला. दाराला कुलूप, आत शेगडी, टेबलफॅन, पत्र्याची पेटी. भाडं मार्चपासून थकलेलं.

"कुलूप तोडलं तर?" विड्याची पानं निवडता निवडता तिने विचारलं.

"नाही. कुलूप आहे तोवर ताबा त्याचा. कोर्टाच्या हुकमाशिवाय आत जायचं नाही."

"आणि भाडं? सरकारने माफ केलं म्हणतात."

"माफ कुठे? १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने वसुली किमान तीन महिने लांबवायला सांगितली, थकलं म्हणून कुणाला काढू नका म्हणाले. रक्कम उभीच आहे. २१ मेला दिल्ली उच्च न्यायालयानेही म्हटलं, जागा ताब्यात ठेवायची तर लॉकडाऊनमुळे भाडं चुकत नाही."

"म्हणजे कुलपामुळे मला आत जाता येत नाही आणि कुलपामुळेच त्याच्यावर भाडं चढतंय?"

"हो. म्हणून त्याला फोन कर, खोली सोडतो असं मेसेजवर लिहून घे. अनामत वळती कर. दोघं सुटाल."

"सोड म्हटलं की सोडेल रे तो. नाही म्हणायला त्याच्या हातात आहे काय? सरकार म्हणतं काढू नका, आणि मी त्याच्याच तोंडून काढून घेऊ?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. संमती लेखी मिळाली की वकील पुढच्या कामाला लागतो; देणारा कोणत्या अवस्थेत होता, हे फाइलमध्ये कुठेच येत नाही. पण आत्याचाही जीव टांगणीलाच होता.

"तुझ्या हप्त्याचं काय? रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते थांबवायची मुभा दिली, पण व्याज चालूच आहे. त्याच्या थकबाकीपायी ते तुझ्यावर चढतंय."

हा सरकारी सवलतींमधला खरा अन्याय आहे असं मला वाटतं. वरून प्रत्येकाला थोडं थांबायला सांगितलं, आणि थांबण्याची किंमत एका कामगारावर आणि एका विधवेवर टाकली.

"तो राहत होता तोवरचं पूर्ण घेईन," आत्या म्हणाली. "गाडीत बसल्यापासूनचं अर्धं. दिवाळीपर्यंत खोली त्याचीच."

"अर्ध्याची सोय कायद्यात नाही."

"मनाई आहे?"

"नाही. दोघांनी मान्य केलं तर चालतं."

"मग त्याला विचारायला हवं. कारखान्यातून बोलावणं आलंय का ते आधी विचारते. त्याला यायचंच नसेल, तर माझं अर्धं भाडंही त्याच्या डोक्यावर कर्जच."