शुद्धोदनाची मागणी

‘सिद्धार्थ राजपुत्र नव्हता असं मानलं, तर मग त्यानं सोडलं तरी काय?’ हा प्रश्न बहुधा श्रद्धेतून येतो, म्हणून त्याला आडवळण न घेता उत्तर दिलं पाहिजे. जुने पाली ग्रंथ वाचू लागलं की राजवैभव विरळ होत जातं. महासच्चक सुत्तात बुद्ध लहानपणची आठवण सांगतात: वडील कामात होते आणि आपल्याला जांभळीच्या सावलीत ध्यान लागलं. तिथं वडील नुसते ‘शाक्य’ आहेत. सोन्यानं मढवलेला नांगर या प्रसंगात येतो तो फार पुढे, निदानकथेत. विनयपिटकात शाक्यांचा राजा म्हणून भेटतो तो भद्दिय. आणि शाक्य तर कोसलचा राजा पसेनदी याचे अंकित. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’मध्ये या वडिलांच्या, शुद्धोदनाच्या, राजेपणावर शंका घेतली, ती मला रास्त वाटते.

यावर कुणी महापदान सुत्त पुढे करील. त्यात शुद्धोदन राजा आहे, कपिलवस्तू राजधानी आहे. खरंच आहे, पण ते सुत्त सात बुद्धांची चरित्रं एकाच साच्यात बसवतं, आणि लिच्छवींसारख्या गणांत स्वतःला राजा म्हणवणारे पुष्कळ असत. तीन ऋतूंसाठी तीन वाडे होते असं अंगुत्तर निकाय सांगतो. घर सुखवस्तू होतं, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं.

मग सोडलं काय? माणसं सोडली. अरियपरियेसन सुत्तात मध्यरात्रीचा घोडा नाही. आईवडिलांची इच्छा नसताना, ते रडत असताना मुंडन करून निघालेला काळ्याभोर केसांचा तरुण आहे. (जन्मदात्री मायादेवी केव्हाच गेलेली, ही आई म्हणजे सांभाळणारी मावशी गौतमीच असणार.) सिंहासन लाथाडणाऱ्याची वाहवा करणं सोपं असतं, आपल्याला त्यात काही गमवावं लागत नाही. रडणाऱ्या आईवडिलांसमोर मात्र पेच उभा राहतो: पुढे लाखोंचं भलं होणार म्हणून या चौघापाचांना दुःख द्यावं का? ‘बहुजनांच्या हितापुढे एका घराचं काय?’ असं म्हणून तो मिटवता येईल, पण बुद्धांनी स्वतः तसं म्हटलेलं नाही. मुलगा राहुल याला प्रव्रज्या, म्हणजे संन्यासदीक्षा, दिल्यावर शुद्धोदन त्यांच्याकडे आला. तू गेलास, तुझा भाऊ नंद गेला, आता राहुल. पुत्रप्रेम कातडी, मांस, हाड कापत मज्जेपर्यंत जातं, असं सांगून त्यानं आईबापांच्या संमतीशिवाय कुणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये अशी मागणी केली. बुद्धांनी ती मानली आणि संघाचा नियम केला. आजही थेरवादी उपसंपदेत, भिक्षू होण्याच्या विधीत, उमेदवाराला विचारतात: आईवडिलांची परवानगी आहे ना?