इथं एवढं शांत नव्हतं

सलग तीन आठवडे ऑन-कॉल काढल्यावर गेल्या जानेवारीत मी दोन दिवसांची सुट्टी टाकली आणि बामणोलीला गेलो. मुद्दाम मंगळवार-बुधवार निवडला, कारण शनिवार-रविवारी अशा ठिकाणी माणसांआधी स्पीकर पोचतात. साताऱ्याहून कास पठार ओलांडलं की रस्ता खाली उतरतो आणि समोर कोयनेचं पाणी दिसतं. काठावरच्या झाडीत चार तंबू होते, त्यातला एकच भरलेला. माझा. पलीकडे कोयना अभयारण्याचं जंगल. रेंज येऊन-जाऊन. रात्री पिठलं-भाकरी खाऊन पाण्याजवळ बसलो, तेव्हा रातकिडे सोडले तर कसलाच आवाज नव्हता. हेच तर हवं होतं.

दुसऱ्या दिवशी वासोट्याला जायचं होतं. बामणोलीहून बोटीनं मेट इंदवलीला पोचायचं, वनखात्याच्या चौकीत नाव लिहायचं, सोबतचं प्लास्टिक दाखवायचं आणि मग दाट झाडीतून गड चढायचा. गडावर मुक्काम करता येत नाही, त्यामुळे दिवस मावळायच्या आत परत. बोटीत मी एकटाच होतो. चालवणारे काका साठीच्या आसपासचे. मी सहज बोलून गेलो, "काका, नशीबवान आहात तुम्ही. काय शांतता आहे! काहीच नाही इथे."

इंजिनाच्या आवाजात ऐकू यावं म्हणून ते जरा मोठ्यानं बोलले. चिडून नाही, माहिती दिल्यासारखं. "आमच्या आज्याच्या टायमाला एवढं शांत नव्हतं बघा. हितं खाली गावं होती."

मी "हो का" म्हणालो. त्यापुढे काय बोलायचं, हे सुचलंच नाही.

कोयना म्हणजे महाराष्ट्राची जीवनरेखा, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. महाबळेश्वरला उगम, कऱ्हाडला कृष्णेशी संगम, मध्ये धरण. धरण १९६४ साली पूर्ण झालं. त्याच्या मागे शिवसागर पसरला आणि खोऱ्यातली गावं, भाताची खाचरं, वाटा, देवळं त्याखाली गेली. माणसं वेगवेगळ्या जिल्ह्यांत पांगली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा झाला १९७६ साली, म्हणजे धरणानंतर बारा वर्षांनी. पुढे १९८५ मध्ये काठचं जंगल अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं, २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. जंगल राखण्यासाठीही काही गावं हलली. माझी ती रात्रीची शांतता अशी दोन हप्त्यांत तयार झालेली आहे. आधी पाण्यासाठी माणसं उठली, मग जंगलासाठी.

यात माझा काय दोष? माझा जन्म १९९७चा. कुणालाही उठवायच्या कागदावर माझी सही नाही. हे खरंच आहे आणि उगाच अपराधी वाटून घेण्यात मला अर्थ दिसत नाही. दोन दिवस हळहळायचं, त्याची एक पोस्ट टाकायची आणि तिसऱ्या दिवशी विसरायचं, यात त्या काकांचं काहीच भलं नाही.

पण दोष आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माझ्याच कामामुळे कळतं. नव्या टीममध्ये गेलं की दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला कोड आपल्या नावावर येतो. रात्री दोनला सिस्टीम बंद पडली की "हे मी लिहिलेलं नाही" हे उत्तर चालत नाही. तो कोड चालतो म्हणून आपला पगार होतो, तेव्हा त्यातली खोटही आपलीच. अर्थात ही तुलना एका जागी तुटते. कोड दुरुस्त करता येतो. पाण्याखालचं गाव परत वर आणता येत नाही.

आणि मला तर दुहेरी फायदा झालेला आहे. कोयनेचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला, सह्याद्रीच्या पोटातून कोकणात उतरवतात आणि त्या उतारावर वीज तयार होते. प्रकल्पाची क्षमता सुमारे १,९६० मेगावॉट आहे. संध्याकाळी राज्याची विजेची मागणी चढते, तेव्हा हीच जनित्रं भार उचलायला मदत करतात. त्याच वेळी पुण्यातल्या माझ्या खोलीत लॅपटॉप, राउटर, पंखा, सगळं चालू असतं. म्हणजे स्क्रीनला कंटाळून मी ज्या काठावर आलो, तो काठ स्क्रीनसारख्याच गरजांसाठी रिकामा झाला होता. शहरात मी त्या पाण्याची वीज वापरतो आणि सुट्टीत त्याचीच शांतता.

मग धरण नकोच होतं का? जंगल राखायला नको होतं का? असं मी म्हणू शकत नाही. विजेशिवाय माझं पोट चालत नाही, आणि त्या दिवशी वासोट्याच्या वाटेवर पाहिलेली झाडी टिकली याचा मला मनापासून आनंद आहे. पण काही गोष्टी आवश्यक असल्या, तरी त्यांची किंमत ज्यानं मोजली त्याचं नाव पुसून टाकणं आवश्यक नसतं. आणि "इथे काहीच नाही" असं कौतुकानं म्हणताना मी तेच करत होतो. रिकामी जागा आणि रिकामी केलेली जागा बाहेरून अगदी सारख्या दिसतात. फरक विचारल्याशिवाय कळत नाही.

हे फक्त भूतकाळाबद्दल नाही. माझ्या क्षेत्रात येत्या काळात प्रचंड वीज आणि पाणी लागणार आहे. डेटा सेंटर कुठल्या तरी जमिनीवरच उभं राहणार. त्या जमिनीला कुठल्या तरी कागदात पडीक, ओसाड किंवा मोकळी म्हटलेलं असेल. आणि तो प्रकल्प वापरणाऱ्यांत मी असेन. तेव्हा "खरंच मोकळी होती का?" हे विचारणं माझं काम आहे, कारण आता मला दोन्ही शब्दांतला फरक माहीत नाही असं म्हणता येणार नाही.

मी कॅम्पिंग सोडणार नाही. काकांनाही ते नको असेल, बोट त्यावरच चालते. परतीच्या वाटेवर मी त्यांना एवढंच विचारलं, की त्यांच्या आज्याचं घर कुठल्या बाजूला होतं. त्यांनी इंजिन बंद केलं. बोट जागेवर डुलत राहिली. मग त्यांनी हातानं दाखवलं : इथं खळं, तिथं देऊळ, पलीकडून नदीला उतरायची वाट. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठाची जमीन उघडी पडते, गाळपेर करणारे तिथं पीक घेतात, पण त्यांच्या आज्याची जागा फार खोल आहे, ती कधीच दिसत नाही.

पाच-सात मिनिटं ते बोलत होते. मला फक्त पाणी दिसत होतं, पण ते बोट दाखवतील तिकडे मी बघत राहिलो.