मातीचे घर आणि आमचा अधिकार

अलीकडे सुशिक्षित वर्गात मातीच्या घरांविषयी पुन्हा आदर उत्पन्न होऊ लागला आहे, ही गोष्ट आम्हांस समाधानाची वाटते. माती, बांबू, गवत, दगड अशा जवळपास मिळणाऱ्या द्रव्यांनी बांधलेले घर उन्हाळ्यात थंड राहते, त्याच्या घडणीस इंधन थोडे लागते, आणि ते पडले तरी माती मातीस मिळते. परंतु या आदराच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. साधे घर हा सद्गुण होय, असे दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार कोणास पोहोचतो?

प्रथम पक्क्या घराचा हिशेब पाहू. सिमेंट करण्यासाठी चुनखडी व माती यांचे मिश्रण भट्टीत सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावे लागते. त्यात इंधनाचा धूर निघतोच. पण खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून इंधन कितीही सुधारले तरी हा दोष पुरता जात नाही. मनुष्यमात्र हवेत जेवढा हा वायू सोडतो, त्यापैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या वाट्याचा आहे. तेव्हा जो गृहस्थ घराची किंमत रोख चुकती करून निश्चिंत होतो, त्याने घराचे सारे मोल दिलेले नसते. त्यातील काही भाग तो पुढील पिढीच्या खाती मांडीत असतो. कर्ज एकाने काढावे आणि फेड दुसऱ्याने करावी, यास व्यवहारात आपण जे नाव देतो, तेच येथेही द्यावयास हवे.

तथापि एवढ्यावरून सर्वांनी मातीच्या घरांत राहावे असा निकाल देणाऱ्याने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांतील मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे कोसळून हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्यांतून वाचलेल्यांना पुढे दगडमातीच्या भिंतीची धास्ती वाटू लागली आणि त्यांनी सिमेंटचे घर मागितले, तर त्यास अडाणीपणा म्हणणे हे निव्वळ क्रौर्य होय.

मग दोष मातीचा म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या रुंद भिंतींचे आतले व बाहेरचे थर सांधणारे आरपार दगड बहुधा घातलेलेच नव्हते, आणि डोक्यावर मातीचा भार मात्र मोठा होता. उलट २६ जानेवारी १९०१ नव्हे, तर अगदी आपल्या आठवणीतल्या २००१ सालच्या त्याच तारखेस कच्छ हादरले, तेव्हा तेथील गोल भिंतींचे व हलक्या गवती छपरांचे भुंगे, जे नीट बांधलेले व राखलेले होते, ते पुष्कळसे उभे राहिले. माती तीच, भेद विद्येचा. विद्या लोपली म्हणजे साधेपणाचे दैन्य होते.

आणखी एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. आजोळच्या घरातील गारव्याचे आणि सारवलेल्या ओटीचे आपण मोठ्या प्रेमाने वर्णन करतो; परंतु ती ओटी सारवणारे हात बहुधा घरातील स्त्रियांचे असत. पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारणे, भिंतींची डागडुजी करणे, भुई वरचेवर सारवणे, हे मातीच्या घराचे नित्याचे देणे आहे. सिमेंटचे घर आपले ऋण परक्यावर लोटते, तर मातीचे घर ते घरातल्याच दुबळ्यावर लोटू शकते. दोहोंत अन्याय आहे. फक्त ऋणको निराळा.

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे पुढील सेवाग्रामी, राहावयास गेले आणि माती, बांबू व कौले यांच्या कुटीत स्वतः राहिले. लॉरी बेकर यांनी केरळात अल्पखर्चाची असंख्य घरे बांधली आणि तिरुवनंतपुरम येथे त्याच पद्धतीच्या स्वतःच्या घरात २००७ साली देह ठेवीपर्यंत वास्तव्य केले. त्यांच्या शब्दास वजन आले ते यामुळे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, ज्याला निवड करता येते, त्याने आधी साधे घर निवडावे. ते जाणत्या गवंड्याकडून भूकंपास टिकेल असे बांधून घ्यावे. आणि सारवणाचे पोतेरे स्वतःच्या हाती धरावे. त्यानंतर शेजाऱ्यास उपदेश करण्याची गरज कदाचित उरणारही नाही.