घेणाऱ्याचे नाव

वस्तू विकली की ती आपली राहत नाही. पण ती विकण्याचे कृत्य कोणाचे राहते? जुने कपाट, सायकल किंवा पुस्तके विकताना हा प्रश्न कोणाला पडत नाही, आणि पडण्याचे कारणही नसते. वस्तू बंदूक असेल तर मात्र तो टाळता येत नाही. बंदूक फार टिकाऊ असते. नीट तेलपाणी केले तर ती पहिल्या मालकापेक्षा जास्त जगते आणि पाचव्या मालकाच्या हातातही पहिल्या दिवसाइतकेच काम करते.

माझ्याकडे हा प्रश्न भाषेच्या वाटेने आला. मी अनुवादित करत असलेल्या एका अमेरिकी कथेत दोन अनोळखी माणसे वाहनतळावर शिकारीच्या रायफलीचा सौदा करतात. पैसे देण्यापूर्वी विकणारा एक कागद पुढे करतो. त्यावर तारीख, रायफलीची बनावट, तिचा क्रमांक, दोघांची नावे आणि सह्या. या कागदाला मराठीत काय म्हणावे? ‘खरेदीखत’ म्हटले की जमीन डोळ्यांपुढे येते. ‘पावती’ म्हटले की पैसे मिळाल्याची कबुली तेवढी उरते. शेवटी मी ‘विक्रीपत्र’ हा शब्द घेतला, पण तोवर तो कागद नेमके काय काम करतो हे समजून घेण्यासाठी कायदा वाचणे भाग पडले होते.

अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने बंदुकीच्या परवानाधारक दुकानदारावर नोंदीचे बंधन घातले. गिऱ्हाईक ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरते, आणि १९९८ पासून त्याची पार्श्वभूमी एका राष्ट्रीय यंत्रणेत तपासली जाते. मात्र आपल्याजवळची बंदूक अधूनमधून विकणारा खासगी माणूस केंद्रीय कायद्यानुसार या दोन्हींतून मोकळा आहे. कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये असा व्यवहारही दुकानदारामार्फतच करायला लावतात. अनेक राज्यांत तसे बंधन नाही. खासगी विक्रेत्याने मुख्यतः दोन गोष्टी पाळायच्या. दुसऱ्या राज्याच्या रहिवाशाला परस्पर विकायचे नाही. आणि ज्याला बंदूक बाळगण्यास मनाई आहे हे आपल्याला ठाऊक आहे, किंवा तसे मानण्यास वाजवी कारण आहे, त्याला विकायचे नाही.

या ‘वाजवी कारणा’पाशी मी बराच वेळ थांबले. कायदा जाणण्याला शिक्षा करतो. मग जो काहीच विचारत नाही, तो सर्वांत सुरक्षित ठरतो. मराठीत ‘कानांवर हात ठेवणे’ असा वाक्प्रचार आहे. त्यातला माणूस बहिरा नसतो. ऐकू येईल याची त्याला खात्री असते, म्हणून तर तो हात वर नेतो. न विचारणे हीसुद्धा एक कृती आहे, हे या वाक्प्रचाराला कायद्यापेक्षा चांगले कळते.

नोंद नसल्याचा परिणाम पुढे दिसतो. गुन्ह्यात बंदूक सापडली की वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग येथील केंद्राकडे तिचा क्रमांक जातो. तिथले कर्मचारी उत्पादकाला विचारतात, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानदाराला. दुकानदार आपला फॉर्म काढून पहिल्या गिऱ्हाइकाचे नाव सांगतो. त्या गिऱ्हाइकाने ती पुढे कोणाला विकली असेल आणि लिहून ठेवले नसेल, तर साखळी तिथेच तुटते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ज्याला खून करायचा आहे तो कागदाला घाबरणार आहे का? आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत एप्रिल १९९९ मध्ये हत्याकांड झाले. त्यात वापरलेल्या चारपैकी तीन बंदुका हल्लेखोरांसाठी त्यांच्या १८ वर्षांच्या एका मैत्रिणीने शस्त्रप्रदर्शनातल्या खासगी विक्रेत्यांकडून घेतल्या होत्या. तिला कोणी कागद भरायला लावला नाही. आपली माहिती द्यावी लागली असती किंवा तपासणी झाली असती, तर आपण त्या घेतल्या नसत्या, असे तिने नंतर जाहीरपणे सांगितले. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोच्या मतदारांनी अशा प्रदर्शनांतल्या विक्रीला तपासणी सक्तीची केली.

त्या मुलीचे म्हणणे मला अनेक दिवस सोडत नव्हते. आपले नाव लिहायचे, एवढ्यावर ती थांबली असती. नोंद निर्ढावलेल्याला अडवत नसेल, पण प्रत्येक वाईट कामात एक मधला माणूस असतो: भिडेखातर हो म्हणणारा, फार विचार न करणारा, ‘मी फक्त आणून दिले’ म्हणणारा. नाव लिहिण्याच्या क्षणी त्याला स्वतःकडे पाहावे लागते. नोंद अडवते ती या माणसाला, आणि असे मधले माणूस आपण बहुतेक सगळेच कधी ना कधी असतो.

आपल्या इतिहासातही असा एक क्रमांक आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींवर झाडलेल्या गोळ्या ६०६८२४ क्रमांकाच्या बेरेटा पिस्तुलातून सुटल्या. ते पिस्तूल दोनच दिवस आधी ग्वाल्हेरमध्ये एका खासगी माणसाकडून मिळवले गेले, असे खटल्यात पुढे आले. इटलीतल्या कारखान्यापासून ग्वाल्हेरपर्यंत ते कोणाकोणाच्या हातांतून आले, याबद्दल मात्र अनेक कथा सांगितल्या जातात. कागद असता तर इतक्या कथा लागल्या नसत्या. नोंद असती तर हत्या टळली असती, असे मी म्हणणार नाही. पोलादावर कोरलेला अंक राहिला आणि ज्या माणसांनी ते हातोहात पुढे दिले त्यांची नावे विरली, एवढेच मला दिसते.

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने खासगी विक्रीला बंदी केली नाही, पण ती एकांतात होऊ दिली नाही. परवाना लागणारे शस्त्र विकायचे असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवायचे आणि निदान ४५ दिवस थांबायचे. देशी कट्टा या सगळ्याच्या बाहेरून फिरतो हे खरेच. तरी या कलमातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दोघांच्या सौद्यात इथे तिसऱ्याची जागा धरली आहे: जो हजर नाही, ज्याला हा सौदा चालल्याचे ठाऊकही नाही, पण ज्याच्या जिवाशी त्याचा संबंध आहे.

जुनी दुचाकी विकणाऱ्या प्रत्येकाला नोंदीचे महत्त्व कळते. ‘गाडी नावावर करून घ्या’ म्हणून आपण घेणाऱ्याच्या मागे लागतो, कारण उद्या अपघात झाला तर नोटीस आपल्या दारी येईल. ही भीती रास्त आहे. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघाताच्या भरपाईबाबत स्पष्ट केले आहे. बंदुकीच्या विक्रीपत्राचे समर्थनही बहुधा असेच केले जाते: उद्या पोलीस आले तर दाखवायला कागद हवा. त्यात चूक काही नाही. पण केवळ स्वतःला सोडवून घेण्यासाठी ठेवलेला कागद हात झटकायलाही तितकाच उपयोगी पडतो. समोरच्याचे वागणे खटकत असताना, त्याला घाई का आहे हे कळत नसताना, सही मिळाली म्हणून बंदूक देणारा माणूस कागदाने पूर्ण आणि विवेकाने अपुरा असतो.

मग विवेकावरच सोपवावे का? इथे दुसरी अडचण येते. खटकले म्हणजे नेमके काय खटकले? अमेरिकेत ते कातडीचा रंग असू शकते. आपल्याकडे आडनाव, वस्ती, बोलण्याचा हेल. केवळ अंदाजावर चालणारी सावधगिरी फार लवकर पूर्वग्रहाची चाकरी करू लागते. म्हणून मला लेखी रिवाज जास्त न्याय्य वाटतो. तेच प्रश्न, तोच ओळखीचा पुरावा, तोच कागद, शेजाऱ्याला आणि परक्यालाही. सगळ्यांना विचारले की कोणाचा अपमान होत नाही. आणि एवढे विचारूनही मन घेत नसेल, तर न विकण्याची मोकळीक असतेच.

नोंदीची भीतीही समजून घ्यायला हवी. १८७८ च्या वसाहती कायद्याने हिंदी माणसाला परवान्यात बांधले आणि युरोपियनांना सूट दिली; तिथे नोंद हे राज्यकर्त्यांच्या अविश्वासाचे साधन होते. १९८४ च्या दिल्लीत मतदारयाद्या घेऊन शिखांची घरे शोधली गेल्याच्या साक्षी आहेत. ज्याने हे वाचले आहे, तो ‘यादी’ हा शब्द सहज उच्चारणार नाही. अमेरिकेत तर १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांची नोंदवही करण्यास मनाईच केली. पण विक्रेत्याच्या घरातल्या कपाटात ठेवलेला एक कागद म्हणजे यादी नव्हे. तो कोणी चाळत बसत नाही. एखाद्या विशिष्ट क्रमांकाबद्दल विशिष्ट प्रश्न आला तरच तो बाहेर निघतो. सत्तेच्या हाती सगळी नावे न देताही एका माणसाला आपल्या एका कृत्याचे उत्तर देता येते.

आपल्याकडे हातउसने दिलेल्या पैशाला कागद नसतो, आणि त्याचा आपल्याला अभिमान असतो. पण तो व्यवहार नोंदीवाचून कधीच नव्हता. देणारा, घेणारा आणि मधली गल्ली एकमेकांना ओळखत होती. नोंद माणसांच्या आठवणीत होती. अनोळखी माणसांच्या सौद्यात ती आठवण नसते, म्हणून कागद लागतो. नाव विचारल्याने अविश्वास दिसतो असे म्हणतात. मला वाटते, माणूस समोर असताना त्याचे नावही न विचारता त्याच्या हाती मरण देणे, यापेक्षा मोठी बेपर्वाई नाही. ती बेपर्वाई त्याच्याबद्दलची आहे, आणि ज्याच्यावर ती बंदूक उद्या रोखली जाईल त्याच्याबद्दलचीही.