विसावा आणि खोळंबा

यंदाच्या मार्गशीर्षात समुद्रकाठाने प्रवास करावयाचा, असे आमच्या घरी ठरले, त्याला आता महिना होईल. तेव्हापासून जेवणाच्या मेजावर कोकण किनारपट्टीचा एक मोठा नकाशा पसरलेला असून, त्याच्या कडेकडेने ताटे मांडून आम्ही जेवत आहोत. अलिबागेहून निघावे, चौल, रेवदंडा, कोर्लई करीत मुरुड गाठावे, आणि मग श्रीवर्धन, हरिहरेश्वर, हर्णै, दाभोळ, गुहागर, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी एकेक बंदरे घेत तेरेखोलच्या मुखाशी जाऊन थांबावे, असा हा बेत आहे. रेवसपासून रेडीपर्यंत हा किनाऱ्याचा रस्ता सुमारे पाचशे किलोमीटर भरतो. घाई असलेल्या मनुष्यास तो दोन दिवसांत उरकता येईल. आम्ही त्यास चौदा दिवस दिले आहेत.

आमच्या कन्येने प्रथम जो आराखडा करून दिला, त्यात प्रत्येक दिवसाचे तासन्‌तास मांडलेले होते. सूर्यास्त कोठे पाहावयाचा, किल्ल्यास किती वेळ द्यावयाचा, मासळीचे जेवण कोठे घ्यावयाचे, सारे काही. तो कागद पाहून आम्हांस परीक्षेच्या वेळापत्रकाची आठवण झाली. आणि ज्याची तीस वर्षे ती वेळापत्रके लावण्यात गेली, त्यास सुटीतही तीच शिक्षा नको, असे आम्ही म्हणालो. "मग बाबा, ठरवायचं तरी काय?" असे तिने विचारले. प्रश्न रास्त होता. रमतगमत जाण्याचा बेत आखणे यात थोडा वदतोव्याघात आहेच. शेवटी मुक्काम तेवढे ठरवावे आणि मधला वेळ मोकळा सोडावा, अशी तडजोड झाली. आमच्या आग्रहावरून तीत एक कलम मात्र घालण्यात आले. ते असे की, जेथे खाडी आडवी येईल तेथे वळसा न घेता पाण्यावरूनच पलीकडे जावयाचे. या एका कलमाने आमच्या मनात जो विचार उभा केला, तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

किनाऱ्याने दक्षिणेस जाणाऱ्यास आगरदांडा व दिघी, बागमांडले व वेसवी, दाभोळ व धोपावे, तवसाळ व जयगड अशा चार ठिकाणी आपली मोटार नावेवर चढवावी लागते. या फेरीबोटीस तिकडे जंगलजेटी म्हणतात. दाभोळची ही सोय २००३ साली झाली. त्यापूर्वी माणसे होडीने जात आणि गाड्यांना चिपळूणचा वळसा पडे. काही वर्षांपूर्वी त्या दाभोळच्या धक्क्यावर आमची एक फेरी अगदी डोळ्यांदेखत सुटली. पुढची येईपर्यंत पाऊण तास होता. सुक्या बोंबलांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या दोन बाया, दप्तरांवरच पत्ते मांडून खेळणारी मुले, दुचाकीस दाराची चौकट बांधून निघालेला एक सुतार, चहाची टपरी, आणि समोर वाशिष्ठीचे भरतीने फुगलेले संथ पाणी, एवढाच काय तो तेथला पसारा. त्या पाऊण तासात आम्ही काही वाचले नाही, काही बोललो नाही, आणि कित्येक वर्षांत जे लाभले नव्हते असे काहीतरी आम्हांस तेथे लाभले. याच धक्क्यासमोर १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांच्या अल्मेडाने आग लावून एक भरभराटीचे शहर जाळले आणि त्याच्या काही दशके आधी निकितिन नावाचा रशियन व्यापारी येथूनच स्वदेशास जाण्यासाठी गलबतात चढला, हे आम्ही कैक वेळा वर्गात सांगितले होते. तथापि ते खरे वाटले ते त्या दिवशी. ही सारी गावे समुद्राकडे तोंड करून बसलेली आहेत. त्यांचा राजमार्ग पाणी हाच होता. मोटारीने येणारा मनुष्य त्यांच्या घरात परसदाराने शिरतो, आणि खाडी ओलांडताना तेवढा घटकाभर पुढल्या दारी उभा राहतो.

अशा निवांतपणाचे समर्थन करण्यास मोठमोठे साक्षीदार मिळतात. मनुष्य काम करतो ते निवांतपण मिळावे म्हणून, असे ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात म्हटले आहे. ग्रीक भाषेतील निवांतपणाच्या शब्दापासूनच इंग्रजीतील शाळेचा शब्द निघाला, हे विद्यार्थ्यांस सांगितले की ते हसतात, आणि त्यांचे हसणे आम्हांस पटतेही. आपल्या मराठीने मात्र या वस्तूस फारसा मान दिलेला नाही. 'रिकामटेकडा' ही तर शिवीच. 'फुरसत' परक्या घरून आणलेली. 'सवड' म्हणजे दोन कामांच्या मधली फट. त्यातल्या त्यात 'विसावा' हा एकच शब्द प्रेमाचा, आणि तोही भार वाहून आलेल्याचा.

या सर्व विचारांच्या भरात आम्ही आमच्या आत्याबाईंस एक पत्र लिहिले. त्या शास्त्री नदीच्या मुखाजवळ, जयगडच्या समोरच्या तीरावर राहतात आणि त्यांच्याकडे दोन रात्री मुक्काम करावयाचा आहे. पत्रात आम्ही लिहिले की, खाड्यांवर आता पूल होणार असे ऐकतो. ते झाले म्हणजे ही तरीवरची मौज राहणार नाही. इतकी वर्षे ते रखडले हे एका परीने बरेच झाले. किनाऱ्याच्या या महामार्गाची कल्पना १९८० च्या सुमारास, अंतुले मुख्यमंत्री असताना, पुढे आली. चाळीसांहून अधिक वर्षे लोटली आणि कित्येक मोठ्या खाड्यांवरील पुलांची कामे अलीकडे कोठे हाती घेतली गेली आहेत. तेव्हा आमच्या वाक्यात माहितीची चूक नव्हती.

पत्र पोचले त्याच संध्याकाळी आत्याबाईंचा दूरध्वनी आला. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज खणखणीत.

"अरे, पूल रखडले ते बरं झालं म्हणतोस?"

आम्ही काहीतरी सारवासारव केली.

"तुला रे काय, तू येतोस पाणी बघायला. आम्ही तरीवर जातो ते पलीकडे काम असतं म्हणून. ह्यांच्या वेळचं विसरलास वाटतं."

विसरलो होतो, हेच खरे. त्या गोष्टीस चाळीस वर्षे होत आली. श्रावणातली रात्र होती. आतोबांच्या छातीत कळ आली तेव्हा दहा वाजून गेले होते. रत्नागिरीचे रुग्णालय पाण्यापलीकडे. गुहागरकडची वाट लांबची, आणि त्या रात्री ओढ्यांनी अडविलेली. घरच्या लोकांनी नावाड्यास उठविले. तो भला मनुष्य. पण शास्त्रीस पूर आलेला, त्यात वारा. त्याने पाण्याकडे पाहिले आणि हात जोडले. पहाटे ओढ कमी झाली की निघू, असे ठरले. आतोबांना पडवीत निजवून सगळे बसून राहिले. पहाटे नावाडी वल्ही घेऊन आला, तेव्हा निघण्याचे कारण उरले नव्हते. पुण्यास तार आली ती आम्ही शाळेतून येताना स्वतःच्या हाताने घेतली होती. इतके असून तरीच्या मौजेविषयी लिहिताना ती तार आमच्या लेखणीस आडवी आली नाही. आत्याबाईंनी रागावून काही म्हटले असते तर आम्हांस बरे वाटले असते. त्या म्हणाल्या, "ते जाऊ दे. तुमची तारीख नक्की कळव."

दाभोळच्या धक्क्यावर आम्ही ज्यास विसावा म्हटले, त्यास टोपलीवाल्या बायांच्या भाषेत खोळंबा म्हणतात. बाक तोच, पाणी तेच, पाऊण तासही तोच. भेद इतकाच की आम्हांस पलीकडे लवकर जाण्याची निकड नव्हती. त्यांचा बाजार मात्र निघून चालला होता. कोकणच्या इतिहासात या खोळंब्याची नोंद पुष्कळ आहे, पण ती सौंदर्याच्या सदरात नाही. महर्षी कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे. वयाच्या सतराव्या वर्षी परीक्षेस जावयाचे, तर पावसाळ्यामुळे समुद्राची वाट बंद. म्हणून डोंगर तुडवीत ते साताऱ्यास चालत गेले. अंतर शंभर मैलांहून अधिक. तेथे पोचल्यावर, दिसावयास फार लहान, म्हणून त्यांस परीक्षेस बसूच दिले नाही. त्या वाटेवर त्यांनी किती धबधबे पाहिले, हे विचारण्याचे कोणास सुचेल? आमच्या वडिलांच्या लहानपणी लोक भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने येत. बोट बंदराबाहेर उभी राही आणि माणसे उसळत्या पाण्यात पडावात उतरत. ते वर्णन वडील मोठे रंगवून करीत. परंतु १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली, ती त्याच वाटेवर. आणि त्या बोटीचे नाव निघाले की वडील गप्प होत.

ज्या ॲरिस्टॉटलची साक्ष आम्ही वर काढली, त्यानेच आपल्या राजनीतीच्या ग्रंथात असेही म्हटले आहे की, धोटा आपला आपण विणू लागला तर धन्यास दासांची गरज उरणार नाही. म्हणजे निवांतपण कोणाच्या जिवावर उभे आहे, हे त्यास पक्के ठाऊक होते. त्याचे त्यास दुःख नव्हते इतकेच. दास ठेवावेत असे आज आम्ही स्वप्नातही म्हणणार नाही. परंतु आमची चौदा दिवसांची सुटी साजरी व्हावी म्हणून एका तालुक्याने आणखी काही वर्षे नावेची वाट पाहावी, असे म्हणावयास आम्हांस लाज वाटली नाही. उलट त्यात रसिकता वाटली.

आमचे एक सहाध्यायी, जे अर्थशास्त्र शिकवितात, ते हे ऐकून म्हणाले की आम्ही आता दुसऱ्या टोकास जात आहोत. पूल आला की मुंबई-पुण्याचे पैसेवाले येतील, जमिनी विकल्या जातील, जंगलजेटीवरच्या खलाशांचे पोट जाईल, टपरीवाला उठेल. यातले एकही वाक्य खोटे नाही. आत्याबाईही तेच म्हणाल्या होत्या, आपल्या पद्धतीने: "पूल होऊ दे. मग तुम्हीच येऊन आमच्या बागा विकत मागाल, ते निराळं." पण त्यांच्या तोंडी तो हिशेब शोभतो, लाभ कोणता आणि तोटा कोणता हे त्यांनी दोन्ही तीरांवर राहून पाहिले आहे. आमच्या तोंडी तोच हिशेब आला की त्यात आमच्या करमणुकीची रक्कम गुपचूप मिसळते. ही भेसळ ओळखावी कशी, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. एक कसोटी सुचली, ती अशी. उद्या दाभोळच्या खाडीवर पूल झाला आणि पलीकडे जावयास दोन मिनिटे पुरू लागली, तर आम्ही पुलाच्या अलीकडे गाडी उभी करून पाऊण तास त्या धक्क्यावर बसू काय? बसणार असलो, तर आम्हांस निवांतपण हवे होते. न बसता भरधाव निघून जाणार असलो, तर दाभोळास आम्ही थांबलो नव्हतो. आम्हांस फक्त थांबविले गेले होते, आणि इतरांच्या अडचणीवर आपले पुण्य आम्ही जमा करीत होतो. आमचे स्वतःचे उत्तर काय येईल, याची खात्री आम्हांस नाही. गेल्या वीस वर्षांत मुंबईस जाताना घाटात आम्ही एकदाही गाडी थांबविलेली नाही, असे आमच्या सौ.चे म्हणणे आहे आणि ते खोडून काढण्यासारखा पुरावा आम्हांपाशी नाही.

बेत मोडलेला नाही. नकाशा अजून मेजावरच आहे. नावेचे कलमही आम्ही काढले नाही, कारण डिसेंबरात तिकडून दुसरी जवळची वाट नाहीच. तवसाळच्या बाजूस दोनांच्या जागी चार रात्री राहावे, असे कन्येने सुचविले आणि त्यासाठी गणपतीपुळ्याचा मुक्काम गाळला. आत्याबाईंच्या डोळ्यांची तपासणी राहिली आहे. तेव्हा त्या चार दिवसांतला एक दिवस त्यांस गाडीत घालून पलीकडे रत्नागिरीस न्यावयाचे ठरले आहे. त्यांनी पुण्याहून गुडघ्यांस लावावयाचे तेल आणि जाड अक्षरांचे पंचांग आणण्यास सांगितले असून, रत्नागिरीहून परतताना शेवटची फेरी चुकवावयाची नाही, असे दोनदा बजावले आहे.