भार किती आणि कोणाचा?

माणसाने वस्तू बाळगावी ती रोजच्या गरजेच्या मापाची, की वर्षातून चार वेळा उद्भवणाऱ्या गरजेच्या मापाची? प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. आमच्या सीमाभागातील खेड्यांनी त्याचे उत्तर पूर्वी आपल्यापुरते शोधून ठेवले होते. शंभर पानांचा भात शिजेल असे पातेले घरोघरी नसे. ते देवळात असे. कार्य निघाले की आणायचे, उरकले की घासूनपुसून परत पोचवायचे. घरच्या चुलीवर घरापुरतेच भांडे. जेथे असे सामाईक पातेले नाही तेथे ज्याला त्याला स्वतःचे घ्यावे लागते, आणि एकदा एवढे पैसे घातल्यावर रोजचा चहाही त्यातच उकळावा लागतो.

हा विचार मनात घोळू लागला तो टेक्सासमध्ये. ऑस्टिन शहराजवळ माझा भाचा राहतो. मे महिन्याच्या सुटीत त्याच्याकडे गेलो तेव्हा घरात एकच विषय होता: ट्रक कोणता घ्यावा? ट्रक म्हणजे आपल्या महामार्गावरची दहा चाकांची लॉरी नव्हे. पुढे पाच-सहा माणसांची ऐसपैस खोली आणि मागे उघडा हौदा अशा वाहनाला तिकडे ट्रक म्हणतात. फोर्ड कंपनीची 'एफ' मालिका १९७७ पासून त्या देशातील सर्वाधिक खपाचा ट्रक म्हणून मिरवते आहे. शेतकरी, सुतार, घोडे बाळगणारे यांच्यासाठी जन्मलेले हे वाहन आज कचेरीत जाणारे लोक सर्रास चालवितात. भाचा संगणकाच्या धंद्यातला. त्याला सुटीत ओढून न्यायला एक फिरते घर, म्हणजे बिछाने-शेगडी असलेला ट्रेलर घ्यायचा होता, आणि तो ओढण्यासाठी ट्रक. उरलेले दिवस त्याच ट्रकमधून मुलांना शाळेत सोडणे आणि भाजी आणणे. सूनबाईंचा या दुसऱ्या भागाला विरोध होता.

भाच्याने जाहिराती गोळा केल्या होत्या. योग्य इंजिन आणि योग्य सामग्री घेतल्यास 'एफ-१५०' जातीचा ट्रक १३,५०० पौंडांपर्यंत ओढू शकतो, असे २०२४ सालचे आकडे सांगत होते. म्हणजे सहा टनांहून अधिक. "मामा, आमचा ट्रेलर सामानासकट ७,००० पौंडांचा. निम्माच भार झाला की हो!" तो म्हणाला. गणित बिनतोड वाटत होते. पण दुकानात उभ्या असलेल्या ट्रकचे दार उघडल्यावर आतल्या चौकटीवर एक लहानशी चिकटपट्टी दिसली. तीवर लिहिले होते की माणसे आणि सामान मिळून १,५०० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ६८० किलोंपेक्षा, अधिक भार या वाहनावर कधीही पडू नये. मला त्या सगळ्या झगमगाटात ही पट्टीच तेवढी प्रामाणिक वाटली.

कारण ओढणे वेगळे आणि वाहणे वेगळे. ट्रेलरचे सगळे वजन त्याच्या चाकांवर नसते. दहा ते पंधरा टक्के वजन पुढच्या दांडीवाटे ट्रकवर येते, आणि यावेच लागते. हे समजायला मला इंजिनियर लागला नाही. आमच्या लहानपणी घरी बैलगाडी होती. शेजारचे कन्नडभाषक तिला चक्कडी म्हणत. भरताना वडीलधारी माणसे पेंढ्या पुढे-मागे सरकवीत बसत ती याचसाठी. भार फार पुढे झाला तर बैलांच्या मानेवर बसतो. मागे झाला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळतात. मानेवर थोडे वजन हवे, बेताचे हवे. ट्रेलरचे तेच. मागे जड झाला की तो वेगात शेपूट हलवू लागतो आणि ती शेपूट कधी पुढच्या वाहनालाही फरफटत नेते.

तेव्हा कागद घेऊन बसलो. ७,००० पौंडांचे बारा टक्के ८४०. भाचा, सूनबाई, दोन मुले आणि हा पाहुणा मिळून ६००. हौद्यात सायकली, बर्फाची पेटी, किरकोळ २००. जोडणीची लोखंडी सामग्री, तिला तिकडे हिच म्हणतात, ती ८०. बेरीज १,७२०. पट्टीवर १,५००. जाहिरातीच्या आकड्याचा सुमारे निम्माच वापर करूनही ट्रकचा भार मर्यादेबाहेर गेला होता! मौज अशी की ओढण्याची क्षमता मोजण्याचे जे तांत्रिक मानक आहे, त्यात प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसे धरलेली असतात. जाहिरातीतल्या त्या आकड्यात मुलेबाळे नाहीत. दाराच्या पट्टीला मात्र तुमचे कुटुंब हा भारच आहे, आणि तो तिने मोजला आहे.

येथे साध्या राहणीचा आपला नेहमीचा धडा अपुरा पडतो. माझ्यासारख्या मास्तराला लगेच म्हणावेसे वाटते की लहान वाहन घ्यावे, हाव सोडावी. पण तीन टनांचे घर बेताच्या गाडीमागे बांधून उतारावरून निघणारा माणूस सात्त्विक नव्हे, धोकादायक आहे. तेथे ट्रेलरच वाहनाला ढकलतो, थांबायला अंतर जास्त लागते, आणि चुकीची किंमत समोरून येणारा अनोळखी माणूस मोजतो. खरोखर ओढायचे असेल तर पुरेसे मोठे वाहन घेणे हे दुसऱ्याप्रति कर्तव्यच ठरते. ज्याला दर आठवड्याला घोड्यांचा ट्रेलर न्यायचा आहे त्या शेतकऱ्याच्या ट्रकला बोल लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आणि तोच दंडक उरलेल्या दिवसांना लावला की उत्तर उलटे येते. अमेरिकेतील महामार्ग-सुरक्षेची विमासंस्था आहे. तिने २०२३ मध्ये पादचाऱ्यांचे सुमारे १८,००० अपघात तपासले. ज्या वाहनांच्या तोंडाची उंची ४० इंचांहून अधिक, त्यांच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता ३० इंचांच्या आतील, उतरत्या तोंडाच्या वाहनांपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक आढळली. चाळीस इंच म्हणजे बालवाडीतल्या चार वर्षांच्या मुलाची उंची. ठेंगण्या मोटारीची धडक पायांना बसते, उंच ट्रकची छातीला आणि डोक्याला. शिवाय तोंडाशी उभे असलेले मूल चालकाला दिसतच नाही. शाळेच्या फाटकात सकाळी काय गर्दी असते ते मी गेली कित्येक वर्षे पाहतो आहे. सूनबाई या उंचीविषयी बोलत होत्या तेव्हा मला दुसरे काही आठवेना.

भाच्याची बाजूही लंगडी नव्हती. तो म्हणे, "रस्त्यावर सगळेच मोठे घेतात. मी लहान घेतली तर माझी मुले चिरडतील. बापाने आधी आपली मुले पाहू नयेत का?" पाहावीत. आपल्या मुलांवर अधिक प्रेम करणे हा काही दोष नव्हे. प्रश्न असा की आपल्या मुलांची सुरक्षितता दुसऱ्याच्या मुलांच्या खात्यातून उचलता येते का? जर्मन तत्त्वज्ञ कांट याने कसोटी दिली आहे: तुझा नियम सर्वांनी पाळला तर काय होईल ते पाहा. शेजाऱ्यापेक्षा जड वाहन घ्यायचे हा नियम सर्वांनी पाळला तर कोणीच सुरक्षित होत नाही, फक्त सगळे जड होतात. त्याच विमासंस्थेने २०२५ मध्ये मांडलेला निष्कर्ष तर व्यवहारालाही धरून आहे: सरासरीहून जड असलेल्या वाहनाचे वजन आणखी वाढवल्याने आत बसलेल्यांना फारसा लाभ होत नाही, समोरच्यांचा धोका मात्र वाढतो.

आणि 'आपले' व 'दुसऱ्याचे' ही वाटणी तरी किती टिकते? २००२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एका बालरोगतज्ज्ञाकडून घराच्याच आवारात, मोठे वाहन मागे घेताना, स्वतःचा दोन वर्षांचा मुलगा चाकाखाली गेला. त्याने पुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्या बालकाच्या नावाचा कायदा २००८ मध्ये झाला आणि मे २०१८ पासून तेथील प्रत्येक नव्या प्रवासी वाहनाला मागे पाहणारा कॅमेरा सक्तीचा झाला. हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

भाड्याने का घेऊ नये, हेही आम्ही पाहिले. देवळाचे पातेले तिकडे अगदीच नाही असे नाही. पण साध्या भाड्याच्या गाडीच्या करारात ओढकामाला बहुधा मनाई असते, आणि ज्यांना परवानगी असते त्या सुटीच्या दिवशी मिळतीलच असे नाही. शेवटी वाद ट्रकवरून ट्रेलरवर आला, आणि मला वाटते तो तेथूनच सुरू व्हायला हवा होता. ७,००० पौंडांचे घर कशासाठी? त्यात दूरचित्रवाणी होती, दोन न्हाणीघरे होती. रानात जाऊन आकाश पाहायचे म्हणणाऱ्याला दुसरे न्हाणीघर कशाला, असे सूनबाईंनी विचारले आणि भाचा हसला. ५,००० पौंडांचा ट्रेलर ठरला. त्याचे बारा टक्के ६००. सगळे धरून १,४८०. पट्टीच्या आत वीस पौंड! मी विनोदाने म्हटले, पुढच्या वेळी मामाला घरी ठेवा.

ट्रक त्याच जातीचा घेतला, पण उंची वाढवणारी हौशी चाके नाकारली आणि पुढेही कॅमेरा असलेला निवडला. जुनी मोटार विकली नाही. शाळेला तीच जाते. खर्चाच्या दृष्टीने हे फार शहाणपणाचे नव्हे. दोन वाहने, दोन विमे.

मी तेथे असेतो दर रविवारी सकाळी भाचा एका मोठ्या दुकानाच्या रिकाम्या वाहनतळावर ट्रेलर मागे घेण्याचा सराव करी. हात चाकाच्या तळाशी धरायचा; ट्रेलरचा मागचा भाग ज्या दिशेला न्यायचा त्या दिशेला हात न्यायचा. निघण्यापूर्वी ट्रेलरच्या साखळ्या दांडीखालून आडव्या अडकवायच्या, त्याचे ब्रेक हाताने दाबून पाहायचे, टायरची हवा पाहायची. मग ट्रकभोवती एक पूर्ण फेरी, पुढून आणि मागून, वाकून. या शेवटच्या फेरीत धाकटा नातू त्याच्याबरोबर हिंडे आणि "पुढे कोणी नाही," असे मोठ्याने ओरडून मला सांगे.